‘माझ्या’ या शब्दावरची लाल शाई

ता. ३ ऑगस्ट

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

ज्याने जिव्हेला शब्द दिला आणि त्या शब्दाला विसावा म्हणून मौनही दिले, त्या कृपाळूचे प्रथम स्मरण करते. त्याची सावली तुझ्या-माझ्या अक्षरांवर राहो, आणि लिहिण्यात जे उणे राहील ते त्याच्या दयेने भरून निघो.

आता विषयाकडे वळते. परवा तुझ्या आईचा दूरध्वनी आला. त्या यंत्रातून मला निम्मे ऐकू येते आणि उरलेले निम्मे मी तर्काने भरते, हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. म्हणून तर माझा पत्रांचा आग्रह. तिच्या बोलण्यातून एवढे मात्र निश्चित कळले, की तू तुमच्या दंतवैद्यक महाविद्यालयात दर बुधवारी समुपदेशन गटाला जातेस. ऐकून ऊर भरून आला. ‘दिश्’ म्हणजे दाखवणे, ‘उप’ म्हणजे जवळ जाऊन, आणि ‘सम्’ म्हणजे उत्तम रीतीने. जवळ जाऊन, उत्तम रीतीने वाट दाखवणे! मी इतकी वर्षे शाळेत संस्कृत शिकवले, निवृत्तीनंतर वाचनालयाच्या सभागृहात प्रवचने केली, पण उपदेशाचे आसन मला केस पांढरे झाल्यावर मिळाले. तुला ते पहिल्याच वर्षी मिळाले.

गेल्या प्रवचनात मी ही गोष्ट श्रोत्यांना सांगितली. पुढच्या रांगेतील निवृत्त पोस्टमास्तरांनी तर टाळी वाजवली. तुझ्या बापालाही त्याच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन सांगितले. तो भिंग घासत होता. मान वर न करता म्हणाला, “मावशी, ती अजून स्वतःच्या कपड्यांच्या घड्या घालत नाही, लोकांच्या मनांच्या काय घालणार?” परंतु त्याचा स्वर मला कळतो. त्या दिवशी त्याने प्रत्येक गिऱ्हाइकाला तुझ्या भावी दवाखान्याची पाटी कोणत्या रंगाची असावी हे विचारले.

तेव्हा सविस्तर कळव. तेथे मुले कोणत्या मनोव्यथा घेऊन येतात, आणि तू त्यांना काय उपदेश करतेस? हवी तर सुभाषिते पाठवीन. तुझे पत्र नेहमीप्रमाणे लाल शाईने तपासून परत करीन. राग मानू नकोस. तुझ्या बापाने तुझ्या आईला लिहिलेले पहिले पत्रही माझ्या लाल शाईखालून गेले होते. त्यातील चुका मी काढल्या, अतिशयोक्ती मात्र राहू दिली.

तुझी,
मावशीआजी

·

ता. १४ ऑगस्ट

ती. मावशीआजींना साष्टांग नमस्कार.

तुमच्या लाल शाईच्या भीतीने हे पत्र आधी कच्चं लिहिलं, मग पक्कं. तरी तुम्हाला काहीतरी सापडेलच. सापडलं नाही तर तुमचा दिवस वाया जाईल.

गटाची खोली आमच्या महाविद्यालयाच्या वाचनालयाच्या मागे आहे. पूर्वी तिथे मोडकी बाकं ठेवत. आता खुर्च्या गोलात मांडतात. कोपऱ्यात जबड्याचा एक जुना प्लास्टरचा साचा राहून गेलाय. शेवटच्या वर्षाचा एक उंच मुलगा आहे, त्याला सगळे जिराफ म्हणतात. तो त्या साच्याला ‘आमचे अध्यक्ष’ म्हणतो. कारण तोंड कायम उघडं, पण मध्येच बोलायची सवय नाही. गट चालवणाऱ्या बाईंना आपण ताई म्हणायचं असं ठरलंय.

मावशीआजी, उपदेशाचं मात्र अवघड आहे. तिथे उपदेशाला बंदी आहे! “तू असं कर” असं कुणी म्हणालं, की ताई नुसता हात वर करतात. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बोलणारा स्वतः “एवढंच” म्हणेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. मी तिथे काय करते, असं तुम्ही विचारलंत. मी बसते.

मुलांच्या व्यथा म्हणाल तर त्या बाहेर सांगायच्या नसतात. पण एका मुलीचं नाव न घेता सांगते, कारण तुमचं मत मला हवं आहे. आम्हाला पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला शिकवतात. ही मुलगी सुरुवातीला बरी कोरायची. आता ठोकळा हातात घेतला, की तिची बोटं बधिर होतात. कोरणी धरता येत नाही. सर पाठीमागे येऊन उभे राहिले, की माझ्या कानात नुसती घरघर सुरू होते आणि ती पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर निघून जाते. नोव्हेंबरात कोरीवकामाची परीक्षा आहे. आपण त्या खोलीत पाऊलही टाकू शकणार नाही, असं तिला वाटतं. घरी सांगायची हिंमत नाही. गटात येते, पण अजून एकदाही बोललेली नाही.

अशा मुलीला तुम्ही काय म्हणाल?

तुमची,
भिंगरी

·

ता. २२ ऑगस्ट

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पत्र तपासून सोबत परत केले आहे. ‘लिहिलं’, ‘केलं’ ही बोलीतील रूपे तुम्हां मुलांची म्हणून सोडून दिली. परंतु एक दोष गंभीर आहे. त्या मुलीविषयी लिहिताना तू एका वाक्यात ‘तिची बोटे’ म्हणतेस आणि पुढे ‘माझ्या कानात’. हा पुरुषव्यत्यय होय. तृतीय पुरुषात आरंभलेले कथन तृतीय पुरुषातच संपवावे. ‘माझ्या’ खोडून तेथे ‘तिच्या’ केले आहे. घाईने लिहिले की असे होते.

आता त्या मुलीविषयी. तुमच्याकडे उपदेशाला बंदी असली तरी माझ्याकडे नाही, आणि तू मत विचारले आहेस म्हणून स्पष्ट सांगते. मनाचे लाड केले की ते हातावर रुसते. ज्याला काम टाळायचे असते त्याचीच बोटे बधिर होतात. आळस पुष्कळदा भीतीचे वस्त्र पांघरून येतो. तिला सांग, की सकाळी लवकर उठावे, नामस्मरण करावे, आणि ठोकळा घेऊन बसावे. आईबाप पोटाला चिमटा घेऊन शिकवतात, त्यांच्यापासून तोंड लपवणे हे तर सर्वथा अनुचित. अशा दुर्बळ मनाच्या मुलांमध्ये बसून तुझे मन मात्र दुर्बळ होऊ देऊ नकोस. दिव्याने अंधारात जावे, पण स्वतःची वात सांभाळून.

हे सर्व तिला माझ्या शब्दांत वाचून दाखवलेस तरी चालेल.

तुझी,
मावशीआजी

·

ता. १९ सप्टेंबर

ती. मावशीआजींना साष्टांग नमस्कार.

पत्र पोहोचले. दुरुस्ती पाहिली. ‘माझ्या’च्या जागी ‘तिच्या’ हेच योग्य.

त्या मुलीला निरोप पोहोचला आहे.

सध्या बुधवारी जाणे होत नाही. अभ्यास चालू आहे. प्रकृती ठीक. घरी सर्वांना नमस्कार सांगावा.

भिंगरी

·

ता. २४ सप्टेंबर

चि. भिंगरीस,

तुझे पत्र आले. लाल लेखणीचे टोपण काढले आणि तसेच पुन्हा बसवले. पत्रात एकही चूक नव्हती. ‘लिहिलं’ नाही, ‘केलं’ नाही. सारे पोहोचले, पाहिले, चालू आहे. तुझ्या कोणत्याही पत्राने मला इतके अस्वस्थ केले नव्हते, आणि कारण काही सापडेना. दुपारभर ते पोथीवर ठेवून बसले. नंतर ध्यानात आले, की या संपूर्ण पत्रात क्रियापदे आहेत, कर्ता कोठेच नाही. जाणे होत नाही, कोणाचे? अभ्यास चालू आहे, कोणाचा? पत्र लिहिणारी व्यक्ती पत्रातून निघून गेलेली होती.

तेव्हा मागचे पत्र आठवले. ते मी तुला परत पाठवले असले तरी मला जवळजवळ पाठ आहे. जी मुलगी गटात एकदाही बोललेली नाही, तिच्या कानातील घरघर तुला कशी ऐकू आली? हा साधा प्रश्न, निम्मे बोलणे तर्काने भरणाऱ्या बाईला सुचायला हवा होता. मी शुद्धलेखन पाहत बसले.

तुमच्या शाळेतील व्याकरणात ‘मी’ला प्रथम पुरुष म्हणतात. संस्कृतात तसे नाही. तेथे ‘तो’ आणि ‘ती’ प्रथम पुरुष, ‘तू’ मध्यम, आणि ‘मी’ सर्वांत शेवटी. त्याला उत्तम पुरुष म्हणतात. मुलांना हे शिकवताना मी नेहमी घोकून घेत असे, त्या क्रमाचा अर्थ मात्र आज लागला. काही गोष्टी माणसाला आधी ‘ती’ म्हणूनच सांगता येतात. ‘मी’पर्यंत पोहोचायला वेळ लागतो. तू त्या एका वाक्यात पोहोचली होतीस, आणि मी तुला हाताला धरून परत ‘ती’कडे नेऊन बसवले.

ती दुरुस्ती मी मागे घेते. खोडलेला शब्द होता तसा ठेवावा. ‘आळस’ हा शब्दही मागे घेते, आणि ‘दुर्बळ’ हाही.

भिंगरी, ते कान तुझेच होते ना?

पुढे काही लिहीत नाही. उपदेश करण्याची हाताला फार सवय आहे, तो आपोआप चालू लागेल. उत्तर द्यावे की न द्यावे, हे तुझ्या इच्छेवर.

मावशीआजी

·

ता. ६ ऑक्टोबर

ती. मावशीआजी,

हो. माझेच.

तुम्ही ‘समुपदेशन’ ऐकून मला आसनावर बसवलंत, तेव्हा लगेच सांगायला हवं होतं, की मी त्या गटात वाट दाखवायला जात नाही, वाट चुकली म्हणून जाते. पण पोस्टमास्तरांनी टाळी वाजवली होती. बाबा पाटीचा रंग विचारत फिरत होते. मी म्हटलं, राहू दे, एवढे सगळे खूश आहेत.

कसं सुरू झालं ते सांगते. जुलैत सरांनी माझी कोरलेली दाढ सगळ्या वर्गासमोर वर धरली आणि म्हणाले, “हे काय आहे, ओळखा बघू!” कुणी म्हणालं साबुदाणा, कुणी म्हणालं फुटलेला खडू. सगळे हसले. मीपण हसले. मीच सगळ्यांत मोठ्याने हसले, मावशीआजी. सर वाईट नाहीत, ते सगळ्यांचीच चेष्टा करतात. पण दुसऱ्या दिवशी कोरणी धरली आणि बोटं माझी राहिलीच नाहीत.

तुमचं ऑगस्टचं पत्र वाचल्यावर मी गटात जाणं सोडलं. सकाळी लवकर उठून ठोकळा घेऊन बसायला लागले, तुम्ही सांगितलं तसं. नामस्मरणसुद्धा केलं. ठोकळा तसाच राहायचा. मग वाटायचं, देवाचं नाव घेऊनही जमत नाही म्हणजे खरंच आळशी असणार आपण. ते दिवस फार वाईट गेले. तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून.

तुमचं सप्टेंबरचं पत्र आलं त्याच्या पुढच्या बुधवारी मी परत गेले. ताईंनी कुठे होतीस विचारलं नाही. जिराफ म्हणाला, “बरं झालं आलीस, अध्यक्ष तुझी चौकशी करत होते.” मग मी बोलले. पहिल्यांदा. ‘ती’ नाही, ‘मी’. बोलताना मेण नव्हतं तरी बोटं बधिर झाली, पण बोलता आलं. “एवढंच” म्हटल्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही, आणि ते बरं वाटलं. मग जिराफ म्हणाला, “मी पहिल्या वर्षी पूर्ण परीक्षाभर टेबलाखाली पडलेली कोरणी शोधत होतो. कोरणी माझ्या खिशात होती. मला माहीत होतं.” सगळे हसले, आणि या वेळी माझं हसू खरं होतं.

ताईंनी मला विचारून विभागात बोलणं केलं. नोव्हेंबरऐवजी एप्रिलच्या सत्रात परीक्षा देता येते. तोवर छोट्या खोलीत, पाठीमागे कुणी उभं न राहता, सराव करायचा. ताई ओळखीच्या डॉक्टरांकडेही घेऊन गेल्या. नसांचं काही नाही म्हणाले. पण मुदतीसाठी घरी सांगायला हवं, आणि मुदत नको असती तरी मला सांगायचंच आहे.

बाबांना मीच सांगणार. तुमच्या तोंडून नको. पण तुम्ही त्या दिवशी घरी असलात तर बरं वाटेल. आणि एक मागणं आहे, रागावू नका. तुम्ही बोलू नका. बाबा तुमच्याकडे बघतील. “मावशी, तू सांग हिला काहीतरी,” म्हणतील. तरी बोलू नका.

तुमची,
भिंगरी

·

ता. १० ऑक्टोबर

चि. भिंगरी,

येते.

बोलणार नाही. लोक दुखऱ्या दाताखाली लवंग धरतात. मी जिभेखाली धरीन. शास्त्राने श्रवण पहिले सांगितले आहे आणि कीर्तन दुसरे. क्रम उगाच नसतो.

मावशीआजी

·

ता. २६ ऑक्टोबर

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोहोचल्याचे तुझे पत्र मिळाले. त्यात तू लिहितेस, “बाबा नुसतं ‘बरं’ म्हणाले आणि उठले, म्हणजे त्यांना फार लागलं असणार.” तू तुझ्या खोलीत गेलीस आणि संध्याकाळच्या गाडीने निघालीस. मध्यंतरी स्वयंपाकघरात काय झाले ते तुला ठाऊक नाही. ते कळवणे हे माझे कर्तव्य आहे. त्यात उपदेश नाही, केवळ वृत्तांत आहे.

प्रथम माझ्याविषयी. तू म्हणालीस, “बाबा, मी या वेळी परीक्षेला बसत नाही. मला भीती वाटते,” तेव्हा त्याला ती थट्टा वाटली. मग तू सर्व सांगू लागलीस आणि तो माझ्याकडे वळला. “मावशी, अगं, तू तरी सांग हिला!” त्या क्षणी माझ्या ओठांवर किमान दोन सुभाषिते आली होती, आणि दोन्ही समर्पक होती. मी लवंग चावली. तू माझ्याकडे पाहिले नाहीस. बापाकडेच पाहत राहिलीस आणि शेवटपर्यंत बोललीस. मी एवढी प्रवचने केली, परंतु दुसऱ्याचे वाक्य त्याच्या पूर्णविरामापर्यंत ऐकणे किती अवघड असते हे मला तेथे कळले.

तू आत गेल्यावर तो ओट्याला टेकून उभा राहिला. म्हणाला, “तुला ठाऊक होतं?”

“होते.”

“मग बोलली का नाहीस?”

“ती बोलत होती.”

त्याने ठिबकणारा नळ घट्ट पिळला. मग म्हणाला, “तू गप्प बसलीस ना मावशी, तेव्हाच मी घाबरलो. म्हटलं, मावशी गप्प आहे म्हणजे प्रकरण साधं नाही.”

तुझ्या आईला हसू आले आणि ते हसता हसता रडण्यावर गेले. त्याने तिला पाणी दिले. नंतर कपाटातून अंगाच्या साबणाची नवी वडी काढली, दुकानातील बारीक हत्यारांची पेटी आणली आणि टेबलाशी बसला. मी विचारले नाही. तुझ्या आईने विचारले. तो म्हणाला, “बघतो तरी, काय करायला सांगतात पोरीला.”

मग म्हणाला, “मावशी, दाढेला मुळं किती असतात?”

मी म्हटले, “मला शब्दांची मुळे ठाऊक आहेत. दाढेची तुझ्या मुलीला विचार.”

भिंगरी, केसाएवढा ओरखडा पाहून भिंग परत करणारा माणूस तो. त्याचा हात मी कधी थरथरलेला पाहिला नाही. पहिली वडी मधोमध तुटली. त्याने दुसरी काढली. तुझी आई म्हणाली, “अहो, उद्या अंघोळ कशाने करायची?” तो म्हणाला, “एक दिवस नुसत्या पाण्याने कर, काही बिघडत नाही.” दुसऱ्या वडीतून जे निघाले ते त्याने तळहातावर घेऊन खिडकीपाशी नेले, उजेडात फिरवले, आणि त्याला स्वतःलाच ते काय आहे ते सांगता येईना. तेवढ्यात मी सहज उठून त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. त्याची मान आखडली. “मावशी, मागून बघू नकोस गं,” तो चिडून म्हणाला.

आणि हे बोलल्याबरोबर त्याचा हात थांबला. मी मागे सरकले आणि माझ्या जागेवर जाऊन बसले.

संध्याकाळी तुला गाडीवर सोडताना तो काही बोलला नाही, हे तू लिहिलेसच. त्याला बोलायला वेळ लागतो, हे तू जाणतेस. परंतु काल दुकान बंद करून तो माझ्याकडे आला. म्हणाला, “मला तिला भेटायला जायचंय. तू पत्र लिहिशील ना, त्यात विचार कधी येऊ.” मी म्हटले, या बुधवारी सुटी आहे तुझी, बुधवारीच जा.

तो म्हणाला, “बुधवारी नको. बुधवारी ती कामात असते.”

तो निरोप जसाच्या तसा पाठवत आहे. कधी यावे ते त्याला तूच कळव.

एप्रिलमध्ये काय होईल ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्याचा आव मी आणणार नाही. बोटे परत येतील अशी प्रार्थना रोज करते. न आली तरी तू माझी भिंगरीच राहशील, आणि तुझ्या बापाची लेक; याला परीक्षेची अट नाही.

माझे उत्तर गटात वाचून दाखवू का, असे तू विचारले आहेस. जरूर वाच. मला त्या मुलांना काही सांगायचे नाही, केवळ आशीर्वाद द्यायचा आहे, आणि तो तुमच्या नियमात बसेल असे वाटते. जे हे वाचतील आणि जे ऐकतील, त्या सर्वांवर परमेश्वराची कृपा असो. ज्यांना बोलायचे आहे त्यांना वाचा लाभो, आणि ज्यांना अजून बोलता येत नाही त्यांच्याशेजारी कोणीतरी घाई न करता बसलेले असो. ज्यांचे आईबाप दूर आहेत त्यांचे आईबाप जवळ येवोत, आणि ज्यांना कोणीच नाही त्यांना तो दयाघन आपले म्हणो. कोणाच्याही मुलाला आपले दुःख एकट्याने वाहावे न लागो. सर्वांचे कल्याण असो.

तुमची सर्वांची,
मावशीआजी